बहुमत आणि एकमत: युरोपच्या व्यापारात व निःशस्त्रीकरणात आयर्लंडचे वजन

आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार साधारण साडेएक्कावन्न लाख आहे. युरोपीय संघाच्या सुमारे पंचेचाळीस कोटी लोकांमध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास भरते आणि युरोपीय संसदेच्या ७२० जागांपैकी आयर्लंडच्या वाट्याला १४ येतात. या देशाकडे अण्वस्त्रे नाहीत, तो नाटो या लष्करी आघाडीचा सदस्य नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर त्याचा संरक्षणखर्च संघात तळाशी आहे. तरीही अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची बीजे ज्या ठरावात सापडतात तो ‘आयरिश ठराव’ म्हणून ओळखला जातो, क्लस्टर बॉम्बवरच्या बंदीचा करार डब्लिनमध्ये मंजूर झाला आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या, वाटाघाटींत ब्रिटनला ज्या मुद्द्याने सर्वांत जास्त दमवले तो आयर्लंडच्या सीमेचा होता. मराठी वाचकांना हा देश बहुधा त्याचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यामुळे ठाऊक आहे. मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. या लेखात वराडकर एकदा भेटतील, पण विषय त्यांच्याहून बराच जुना आहे.

इतक्या लहान देशाचे म्हणणे मोठे देश का ऐकून घेतात, या प्रश्नाचे उत्तर सहसा नैतिक अधिकार, सज्जनपणा किंवा मुत्सद्देगिरी अशा शब्दांत दिले जाते. ते पूर्ण खोटे नाही. पण खरे उत्तर बरेच रुक्ष आहे आणि ते निर्णय घेण्याच्या नियमांत दडलेले आहे. कोणत्या विषयावर बहुमताने निर्णय होतो, कोणत्या विषयावर एकमत लागते आणि कोणता विषय कोणत्या बैठकीत न्यायचा, हे ज्याला नीट कळते त्या लहान देशाला बरेच काही साधता येते. आयर्लंडला हे कळायला वेळ लागला, पण कळले ते पक्के.

व्यापार: जिथे एकट्याचा ‘नाही’ चालत नाही

युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी परराष्ट्र व्यापाराचे धोरण आपल्या हातून काढून संघाकडे सोपवले आहे. बाहेरच्या देशाच्या मालावर किती आयातशुल्क लावायचे आणि कोणाशी मुक्त व्यापार करार करायचा, हे डब्लिन, बर्लिन किंवा पॅरिस स्वतंत्रपणे ठरवू शकत नाही. वाटाघाटी युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, करतो, सदस्य देशांची मंत्रिपरिषद त्याला आधी तशी मुभा देते आणि शेवटी मंत्रिपरिषद व युरोपीय संसद करार मंजूर करतात. भारताने युरोपशी २००७ साली सुरू केलेल्या, २०१३ मध्ये थांबलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या वाटाघाटी संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सशीच झाल्या, त्याचे कारण हेच आहे.

मंत्रिपरिषदेत व्यापाराचे बहुतेक निर्णय विशेष बहुमताने होतात. म्हणजे सदस्यांपैकी किमान ५५ टक्के देश, सध्याच्या २७ पैकी १५, बाजूने असावे लागतात आणि त्यांची एकत्रित लोकसंख्या संघाच्या किमान ६५ टक्के असावी लागते. प्रस्ताव अडवायचा असेल तर निदान चार देशांनी आणि ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येने एकत्र यावे लागते. सव्वा टक्क्याच्या देशाला या गणितात एकट्याने काहीही अडवता येत नाही, हे सांगायला गणितज्ञ नको.

म्हणून मतदानाच्या दिवशी आयर्लंडच्या हाती फारसे काही उरत नाही. त्याचे सगळे काम मतदानाच्या आधी असते. मसुदा आयोगाच्या कार्यालयात तयार होत असतानाच तिथे आपली अडचण पोचवायची आणि तीच अडचण ज्या मोठ्या देशाला आहे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, ही त्याची जुनी रीत आहे. २०२५ च्या वसंतात तिचे एक स्वच्छ उदाहरण पाहायला मिळाले. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावल्यावर युरोपीय आयोगाने प्रत्युत्तरादाखल शुल्क लावायच्या अमेरिकी वस्तूंची यादी केली आणि तिच्यात बर्बन ही अमेरिकी व्हिस्की होती. त्यावर अमेरिकेच्या अध्यक्षांनी युरोपच्या मद्यावर २०० टक्के शुल्काची धमकी दिली. आयर्लंडची व्हिस्की, फ्रान्सची शॅम्पेन आणि इटलीची वाइन यांचा अमेरिका हा मोठा ग्राहक असल्यामुळे तिन्ही देशांनी आयोगाकडे एकच मागणी लावून धरली आणि एप्रिलमध्ये यादीचे मतदान झाले तेव्हा बर्बन तिच्यात उरलेली नव्हती. एकट्या आयर्लंडने ही मागणी केली असती तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत आयर्लंड इतका हळवा का, हेही येथेच सांगायला हवे. १९७३ साली तो तेव्हाच्या युरोपीय समुदायात ब्रिटन आणि डेन्मार्कबरोबर दाखल झाला तेव्हा त्याची निम्म्याहून अधिक निर्यात ब्रिटनला जात होती. आज वस्तूंच्या निर्यातीतला सुमारे एक-तृतीयांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे आणि त्यात औषधे व त्यांचा कच्चा माल सर्वांत जास्त आहे. ही औषधे बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या मुळात अमेरिकीच आहेत. कमी कंपनी कर, इंग्रजी भाषा आणि युरोपच्या एकसंध बाजारपेठेत मोकळा प्रवेश या तीन गोष्टींनी त्या आयर्लंडमध्ये आल्या. अर्थात एका ग्राहकावरचे अवलंबित्व सोडवताना देश दुसऱ्या ग्राहकावर अवलंबून झाला, आणि याची चर्चा आयर्लंडमध्ये व्हायला हवी तेवढी झाली असे वाटत नाही.

व्यापाराच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. एखाद्या करारात निव्वळ व्यापाराच्या पलीकडच्या तरतुदी असल्या, विशेषतः परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध स्वतंत्र लवादापुढे जाण्याची मुभा असली, तर तो ‘मिश्र’ करार ठरतो आणि त्याला प्रत्येक सदस्य देशाची वेगळी मंजुरी लागते. कॅनडाबरोबरचा करार असा आहे. त्याचा बराचसा भाग सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरत्या स्वरूपात लागू झाला, पण आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की देशाचा लवादविषयक कायदा न बदलता या कराराला मंजुरी देणे राज्यघटनेला धरून होणार नाही. हा दावा ग्रीन पक्षाचे खासदार पॅट्रिक कॉस्टेलो यांनी दाखल केला होता, आणि त्यांचा पक्ष त्या वेळी सरकारात होता.

शेतीतज्ज्ञाचा दावा आणि सार्वमताची सवय

न्यायालयात जाऊन युरोपला थांबवण्याची ही आयर्लंडमधली पहिली वेळ नव्हती. १९८६ मध्ये सदस्य देशांनी ‘एकल युरोपीय कायदा’ नावाचा करार केला. एकसंध बाजारपेठ उभारणे हे त्याचे मुख्य काम होते, पण त्याच्या तिसऱ्या भागात परराष्ट्र धोरणात सहकार्य करण्याची बांधिलकी होती. रेमंड क्रॉटी या कृषी अर्थतज्ज्ञाने त्याला आव्हान दिले. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८७ मध्ये निकाल देताना बाजारपेठेच्या भागाला हरकत घेतली नाही. मात्र परराष्ट्र धोरण स्वतंत्रपणे ठरवण्याचा अधिकार सरकारला जनतेला विचारल्याशिवाय बांधून टाकता येणार नाही, असे त्याने बहुमताने सांगितले. १ जानेवारीला लागू व्हायचा करार सार्वमत होईपर्यंत थांबला आणि साऱ्या युरोपात १ जुलै १९८७ ला लागू झाला.

त्या निकालापासून युरोपचा प्रत्येक मोठा करार आयर्लंडमध्ये सार्वमताला जातो. बाकीच्या बहुतेक देशांत संसदेने हात वर केले की सहसा काम भागते, इथे मात्र मतदारांची समजूत घालावी लागते. संघात नवे देश सामावून घेण्यासाठी केलेला ‘नीस’चा करार २००१ मध्ये मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी युरोपच्या नेत्यांनी आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेला धक्का लागणार नाही असे लेखी जाहीर केल्यावर तो मंजूर झाला. संघाच्या कारभाराची घडी नव्याने बसवणारा लिस्बन करार १२ जून २००८ रोजी फेटाळला गेला. त्यानंतर तटस्थता व करआकारणी यांविषयी कायदेशीर हमी देण्यात आली, आयोगातल्या आयुक्तांची संख्या घटवण्याचा बेत सोडून प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम ठेवण्याचे ठरले आणि मग ऑक्टोबर २००९ मध्ये मतदारांनी होकार दिला. ‘बरोबर उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचे’ अशी टीका यावर झाली आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण दोन्ही वेळा दुसऱ्या सार्वमतापूर्वी आयर्लंडच्या पदरात काहीतरी पडले होते, हेही तितकेच खरे आहे.

सीमेवरचा नाका

आयर्लंडच्या बाबतीत व्यापार आणि शस्त्रे हे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत, आणि त्याचे कारण त्या बेटावरच्या जवळपास ५०० किलोमीटर लांबीच्या सीमेत आहे. बेटाच्या ईशान्येकडचा उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. १९२० च्या दशकात सीमेवर कस्टम्सचे नाके आले आणि उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडमध्ये जावे यावरून पुढे पेटलेल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हेच नाके बॉम्बस्फोटांचे लक्ष्य झाले. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरी येथील कस्टम्सच्या इमारतीत झालेल्या स्फोटात नऊ जण मरण पावले. त्यांत कस्टम्सचे चार कर्मचारी होते, कागदपत्रे करून घ्यायला थांबलेले दोन ट्रकचालक होते आणि बॉम्ब घेऊन आलेले आयआरएचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ‘आयरिश रिपब्लिकन आर्मी’ या सशस्त्र गटाचे, तिघेही होते.

१ जानेवारी १९९३ ला युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली तेव्हा दोन्हीकडचे देश एकाच संघात असल्याने कस्टम्सच्या तपासणीचे कारणच संपले. हा संघर्ष मिटवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर ब्रिटिश लष्कराचे टेहळणी मनोरेही हळूहळू गेले. सशस्त्र गटांची हत्यारे निकामी करण्याचे काम कॅनडाचे निवृत्त जनरल जॉन डी शॅस्टेलेन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाकडे होते. आयआरएची शस्त्रे निकामी झाल्याचे या आयोगाने २६ सप्टेंबर २००५ रोजी जाहीर केले तेव्हा साक्षीदार म्हणून एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू हजर राहिले होते. छायाचित्रे प्रसिद्ध करायला आयआरए तयार नव्हती, त्यामुळे दोन्ही समाजांना ज्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येईल अशा माणसांना तिथे उभे करावे लागले.

ब्रिटनने संघातून बाहेर पडायचे ठरवल्यावर ही सीमा युरोपीय बाजारपेठेची बाहेरची हद्द होणार होती, आणि हद्द आली की नाके आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला युरोपच्या नेत्यांच्या भोजनाला जाताना वराडकर ‘द आयरिश टाइम्स’चा एक अंक बरोबर घेऊन गेले. त्यात न्यूरीच्या त्या स्फोटाविषयी मजकूर होता आणि तो त्यांनी इतर नेत्यांना दाखवला. आयातशुल्काच्या चर्चेत एरवी असले कागद फिरत नाहीत. इथे नियमाची बाजूही आयर्लंडच्या पथ्यावर पडली. बाहेर पडणाऱ्या देशाशी वाटाघाटी आयोगामार्फत एकत्रितपणे करायच्या, कोणी वेगळी बोलणी करायची नाहीत आणि आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न पहिल्या टप्प्यातच सोडवायचा, हे उरलेल्या २७ देशांनी एप्रिल २०१७ मध्ये लिहून ठेवले होते. परिणामी आठशे वर्षांच्या इतिहासात बहुधा प्रथमच ब्रिटनच्या समोर बसताना आयर्लंडची बाजू जड होती. शेवटी उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपच्या नियमांना बांधलेला राहिला, तपासणी आयरिश समुद्रातल्या बंदरांवर गेली आणि त्यातून उठलेल्या तक्रारी मिटवण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘विंडसर आराखडा’ ठरला.

निःशस्त्रीकरण: जिथे एकट्याचा ‘नाही’ चालतो, पण ‘हो’ चालत नाही

संघाच्या परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणात बहुतेक निर्णयांना सर्व देशांचे एकमत लागते. वरवर पाहता ही लहान देशाची चैन वाटते, कारण माल्टाच्या हातातही फ्रान्सइतकाच नकाराधिकार असतो. पण नकाराधिकाराने गोष्ट अडते, घडत नाही. फ्रान्स स्वतः अण्वस्त्रधारी आहे आणि बहुसंख्य सदस्य नाटोच्या अण्वस्त्रछत्राखाली आहेत, त्यामुळे अण्वस्त्रबंदीवर युरोपीय संघाचे एक मत कधीही होऊ शकलेले नाही. आयर्लंडने यातून काढलेली वाट अशी, की जे युरोपात एकमताने होत नाही ते संयुक्त राष्ट्रांत बहुमताने मांडायचे आणि सोबती युरोपाबाहेर शोधायचे.

ही वाट युरोपात येण्याआधीपासूनची आहे आणि ती घालून देणाऱ्या माणसाची ओळख करून घेण्यासारखी आहे. फ्रँक एकेन यांचा जन्म आजच्या सीमेच्या उत्तरेला, आर्मा परगण्यातल्या कॅमलॉख या गावचा. आयर्लंडच्या यादवी युद्धात ते हरणाऱ्या बाजूचे सेनाप्रमुख होते आणि मे १९२३ मध्ये ‘शस्त्रे पुरून ठेवा’ हा आदेश आपल्या माणसांना त्यांनीच दिला. पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून १९५८ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रस्ताव आणला, की ज्यांच्याकडे अण्वस्त्रे आहेत त्यांनी ती इतरांच्या हाती देऊ नयेत आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी ती मिळवू वा बनवू नयेत. अमेरिकेसह पाश्चात्त्य देशांना तो गैरसोयीचा होता, कारण युरोपातल्या मित्रांच्या भूमीवर अण्वस्त्रे ठेवण्याची त्यांची योजना होती. मुख्य कलमावर विरोधी मत एकही पडले नाही, पण तटस्थ राहणाऱ्यांची संख्या बाजूच्यांपेक्षा जास्त भरली. एकेन यांनी प्रस्ताव मागे घेतला आणि पुढच्या वर्षी शब्द सौम्य करून पुन्हा आणला, त्यानंतरच्या वर्षी पुन्हा, आणि ४ डिसेंबर १९६१ रोजी आमसभेने तो एकमताने मंजूर केला. १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या पहिल्या दोन कलमांत या ठरावाचाच आशय आहे. १ जुलै १९६८ रोजी मॉस्कोत त्या करारावर पहिली सही करण्याचा मान म्हणूनच एकेन यांना मिळाला आणि त्याला मंजुरी देणारा पहिला देशही आयर्लंडच ठरला.

भारताने या करारावर सही केली नाही. १९६७ पूर्वी चाचणी केलेले पाच देश अण्वस्त्रधारी म्हणून मान्य आणि बाकी सारे कायमचे बिगर-अण्वस्त्रधारी, ही विभागणी भारताला भेदभावाची वाटली, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. अण्वस्त्रस्पर्धा थांबवण्यासाठी आणि निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचे बंधन कराराचे सहावे कलम घालते, पण त्याला मुदत नाही. गंमत अशी की हीच तक्रार पुढे आयर्लंडही करू लागला. जून १९९८ मध्ये, म्हणजे भारत-पाकिस्तानच्या चाचण्यांनंतर लगेच, स्वीडन, ब्राझील, मेक्सिको, इजिप्त, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इत्यादींसह त्याने ‘नवा कार्यक्रम’ नावाचा गट जाहीर केला आणि अण्वस्त्रधारी देशांकडे शब्द पाळण्याची मागणी केली. २००० साली कराराच्या आढावा परिषदेत निःशस्त्रीकरणाची तेरा व्यावहारिक पावले मान्य झाली, त्यामागे या गटाचा रेटा होता. २०१७ मध्ये १२२ देशांच्या मतांनी संपूर्ण अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर झाला, त्याच्या सूत्रधारांमध्येही आयर्लंड होता. त्याने हा करार ६ ऑगस्ट २०२० रोजी, हिरोशिमाच्या पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी, मंजूर केला. युरोपीय संघातून या करारात सामील झालेले देश तीनच, ऑस्ट्रिया, माल्टा आणि आयर्लंड. अण्वस्त्रधारी देशांपैकी कोणीही त्यात नाही, त्यामुळे त्याने एकही क्षेपणास्त्र कमी झालेले नाही, हे साफ सांगितले पाहिजे.

क्लस्टर बॉम्बचे काम मात्र अधिक हाती लागण्याजोगे झाले. हा बॉम्ब हवेत उघडून शेकडो लहान स्फोटके विखुरतो आणि त्यांतली न फुटलेली स्फोटके शेतांत वर्षानुवर्षे पडून राहतात. जिनिव्हातल्या नेहमीच्या मंचावर एकमताची अट असल्याने बंदी पुढे सरकेना, तेव्हा नॉर्वेच्या पुढाकाराने त्या मंचाबाहेर वाटाघाटी सुरू झाल्या आणि शेवटची फेरी मे २००८ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क या गेलिक खेळांच्या मैदानाच्या वास्तूत भरली. ३० मे रोजी शंभराहून अधिक देशांनी मसुदा स्वीकारला. करारात सामील झालेल्या देशाच्या सैन्याने बाहेरच्या मित्रराष्ट्राबरोबर मोहिमेत भाग घ्यावा की नाही, हा नाटो देशांचा खरा अडथळा होता. त्यांना तशी मुभा देणारे कलम घातल्यावरच मसुद्याची गाडी हलली, आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या संघटना त्या कलमावर आजही नाराज आहेत. आयर्लंडने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात असे बॉम्ब बनवणाऱ्या कंपन्यांत सरकारी पैसा गुंतवण्यालाही मनाई केली. निःशस्त्रीकरण इथे थेट गुंतवणुकीच्या दारात येऊन उभे राहिले.

जिथे दोन्ही विषय एकमेकांत गुंततात

हत्यारांचा व्यापार हा संघाच्या सामाईक व्यापार धोरणाबाहेर ठेवलेला आहे. लष्करी सामान कोणाला विकायचे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. २००८ मध्ये ठरलेल्या आठ सामाईक कसोट्या, उदाहरणार्थ घेणाऱ्या देशातील मानवी हक्कांची स्थिती, त्याला पाहाव्या लागतात, पण त्या लावून पाहणारा तोच असतो. याउलट ‘दुहेरी वापराच्या’ वस्तू, म्हणजे ज्या कारखान्यातही चालतात आणि क्षेपणास्त्रातही, त्या व्यापाराच्या नियमांखाली येतात आणि त्यांच्यासाठी २०२१ पासून नवा युरोपीय कायदा लागू आहे. आयर्लंड तोफा बनवत नाही, पण त्याच्या भूमीवर मायक्रोचिप बनतात आणि सांकेतिकीकरणाची क्षमता असलेली संगणकीय उत्पादने तिथून जगभर जातात. निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या या देशासमोरचा खरा रोजचा प्रश्न निर्यात परवान्याच्या अर्जावर असतो.

भारताला आयर्लंडचे हे रूप सप्टेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात भेटले. अणुइंधन आणि अणुभट्ट्या विकणाऱ्या तेव्हाच्या ४५ देशांचा अणु पुरवठादार गट हा १९७४ च्या पोखरण चाचणीची प्रतिक्रिया म्हणूनच जन्माला आला होता. त्याच चाचणीनंतर काही वर्षांत तारापूरच्या भट्ट्यांना अमेरिकेकडून मिळणारे इंधन अडचणीत आले होते. आता भारताला या गटाच्या नियमांतून सूट हवी होती आणि गटाचे निर्णय एकमताने होतात. आयर्लंड, ऑस्ट्रिया, न्यूझीलंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या सहा देशांनी अटी मागितल्या. ऑगस्टची बैठक निर्णयाविना संपली. ५ सप्टेंबरला परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी चाचण्या स्वेच्छेने थांबवण्याच्या धोरणाचा जाहीर पुनरुच्चार केला, अमेरिकेने राजधान्यांना फोन लावले, आणि ६ सप्टेंबरला सूट मिळाली. तेव्हा अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला फ्रेंच अणुभट्ट्या आणण्याचा बेत त्या सवलतीशिवाय करताच आला नसता. अर्धशतक जोपासलेल्या कराराला आयर्लंडने तिथे वाचवले की मोठ्या देशांपुढे मान तुकवली, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते त्याने जिथवर ताणता येईल तिथवर ताणले आणि एकटे पडायची वेळ येण्याआधी सोडले.

व्यापारबंदी हे शस्त्राविना लढण्याचे साधन आहे आणि तिथेही आयर्लंडला स्वतःचे कुंपण आडवे येते. जुलै १९८४ मध्ये डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या एका दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेतली ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला. तिला निलंबित केल्यावर सहकाऱ्यांनी पुकारलेला संप जवळपास तीन वर्षे चालला आणि १९८७ मध्ये सरकारने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या फळे-भाज्यांची आयात बंद केली. २०१८ मध्ये सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांनी पॅलेस्टाइनच्या व्याप्त प्रदेशातील इस्रायली वसाहतींच्या मालावर बंदी घालणारे विधेयक आणले, तेव्हा मात्र व्यापार हा संघाचा अधिकार आहे या कायदेशीर सल्ल्यापाशी ते अनेक वर्षे अडकले. संघाच्या आयातविषयक नियमांत सार्वजनिक नीतीच्या कारणासाठी सवलत आहे. त्या प्रदेशावरचा इस्रायलचा ताबा बेकायदा आहे या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या जुलै २०२४ मधल्या मतानंतर सरकारने त्या सवलतीचा आधार घेतला आणि २०२५ मध्ये फक्त वस्तूंपुरता स्वतःचा मसुदा पुढे आणला. सेवांचा त्यात समावेश करावा की नाही यावर तिथे जोरदार वाद झाला.

तटस्थतेची परीक्षा

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर संघाने आपल्या ‘युरोपीय शांतता निधी’तून प्रथमच प्राणघातक शस्त्रे पुरवायला सुरुवात केली. याला एकमत लागत होते. आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि माल्टा यांनी ‘विधायक तटस्थता’ या तरतुदीचा उपयोग केला. म्हणजे मत द्यायचे नाही, निर्णय अडवायचा नाही आणि आपला पैसा शस्त्रांऐवजी इंधन, वैद्यकीय साहित्य, चिलखती जाकिटे अशा गोष्टींसाठी द्यायचा. ही पळवाट आहे असे म्हणणारे आयर्लंडमध्येही आहेत. शॅनन विमानतळावरून अमेरिकी सैनिकांची ने-आण अनेक वर्षे चालत आली आहे, याकडे ते बोट दाखवतात, आणि स्वतःच्या आकाशाचे व समुद्रतळाशी टाकलेल्या केबलींचे रक्षण करण्याइतकेही बळ नसलेल्या देशाने इतरांना शस्त्रे टाकायला सांगावे का, असाही प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न कडवा आहे, पण गैरलागू नाही.

वारेही उलटे फिरले आहे. डब्लिनमध्ये मंजूर झालेल्या क्लस्टर बॉम्बच्या करारातून मार्च २०२५ मध्ये लिथुआनिया बाहेर पडला आणि असे करणारा तो पहिला देश होता. रशियाला लागून असलेल्या बाल्टिक देशांनी, पोलंडने आणि फिनलंडने भूसुरुंगबंदीच्या करारातूनही अंग काढून घेतले आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दाट वस्तीत स्फोटक शस्त्रांचा वापर मर्यादित ठेवण्याविषयीच्या किंवा टाळण्याविषयीच्या राजकीय जाहीरनाम्यावर डब्लिनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्ससह ऐंशीहून अधिक देशांनी संमती दिली होती. तो बंधनकारक नाही, म्हणूनच इतक्या देशांना परवडला.

१ जुलै २०२६ पासून सहा महिने मंत्रिपरिषदेचे फिरते अध्यक्षपद आयर्लंडकडे येते. पण परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीचे अध्यक्षस्थान फिरत नाही, ते कायम संघाच्या परराष्ट्र प्रतिनिधीकडे असते आणि निःशस्त्रीकरणाच्या कार्यगटांनाही त्यांच्याच विभागातले अधिकारी अध्यक्ष म्हणून लाभतात. तीच परिषद जेव्हा व्यापारासाठी बसते तेव्हा मात्र अध्यक्ष फिरत्या क्रमाने येणाऱ्या देशाचा मंत्री असतो, आणि दुहेरी वापराच्या वस्तूंचा कार्यगटही त्याच देशाचे अधिकारी चालवतात. म्हणजे ज्या विषयावर आयर्लंडला नकाराधिकार आहे तिथे कार्यक्रमपत्रिका त्याच्या हातात नसेल, आणि जिथे त्याचे मत सव्वा टक्क्याचे आहे तिथे कोणता विषय कधी चर्चेला घ्यायचा हे सहा महिने त्यालाच ठरवता येईल.